स्टीफन टिमोशेंको

स्टीफन प्रोकोफिविच टिमोशेंको (जन्म : २२ डिसेंबर १८७८, श्पोतिव्का, तत्कालीन रशियन साम्राज्य; मृत्यू : २९ मे १९७२, वुपर्टाल, तत्कालीन पश्चिम जर्मनी) हे युक्रेनमध्ये जन्मलेले व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते, अध्यापक आणि ग्रंथकार होते. पदार्थांचे बल, स्थितिस्थापकता, कंपने आणि पातळ पत्र्याच्या रचनांचे स्थैर्य या विषयांना अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात आज जे रूप आहे, त्याचा मोठा भाग त्यांच्या अध्यापनातून व ग्रंथांतून घडला. त्यांना आधुनिक अभियांत्रिकी यामिकीचे जनक मानले जाते.

पूल, जहाजे, विमाने, पाण्याच्या टाक्या, तसेच धान्य, सिमेंट, कोळसा इत्यादी सुटा माल साठवण्याचे धातूचे सायलो यांच्या संकल्पनात एक समान प्रश्न येतो. धातू पुरेसा बळकट असूनही पातळ भिंत दाबाखाली एकाएकी चुरगळते. या घटनेला अभियांत्रिकीत बकलिंग म्हणतात. बकलिंग केव्हा होईल हे गणिताने आधी सांगता यावे, यासाठी टिमोशेंको यांनी आयुष्यभर काम केले.

बालपण आणि शिक्षण

टिमोशेंको यांचा जन्म श्पोतिव्का या खेड्यात झाला. हे खेडे तेव्हा चेर्निगोव्ह प्रांतात होते. आज ते युक्रेनच्या सुमी प्रदेशात आहे. त्यांचे वडील भूमापक होते. स्टीफन यांचे बालपण शेतीच्या परिसरात गेले. त्यांचे बंधू सेर्गेई हे वास्तुविशारद व राजकीय कार्यकर्ते झाले, तर व्लादिमीर हे कृषी अर्थशास्त्रज्ञ झाले. व्लादिमीर यांनी गव्हाच्या जागतिक व्यापारावर महत्त्वाचे लेखन केले.

टिमोशेंको यांचे माध्यमिक शिक्षण रोम्नी येथील शाळेत झाले. पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेले अब्राम योफे हे तेथे त्यांचे सहाध्यायी होते. त्यानंतर टिमोशेंको सेंट पीटर्सबर्गच्या दळणवळण अभियंत्यांच्या संस्थेत दाखल झाले आणि १९०१ मध्ये पदवीधर झाले. रेल्वेमार्ग व पूल हे त्या संस्थेचे मुख्य विषय होते. १९०२ मध्ये त्यांचा विवाह अलेक्सांद्रा आर्खांगेल्स्काया यांच्याशी झाला. या दांपत्याला तीन अपत्ये झाली.

पदवीनंतर त्यांनी काही काळ पदार्थ-चाचणी प्रयोगशाळेत काम केले आणि १९०३ पासून ते सेंट पीटर्सबर्गच्या पॉलिटेक्निक संस्थेत शिकवू लागले. सूत्रे पाठ करण्यापेक्षा रचनेचे वर्तन समजून घेणे महत्त्वाचे, ही त्यांची अध्यापनदृष्टी या काळात तयार झाली. १९०५ मध्ये ते जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात गेले. तेथे लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी इंग्रजी 'आय' अक्षराच्या आकाराच्या पोलादी तुळईचा अभ्यास केला. अशी तुळई उभ्या भाराखाली केवळ खाली वाकत नाही, तर विशिष्ट भारानंतर बाजूला कलून पिळली जाते. पातळ पत्र्याच्या उघड्या छेदाला पीळ पडताना त्याचा छेद सपाट राहत नाही आणि त्यामुळे जास्तीचे ताण निर्माण होतात, हे त्यांनी गणिताने मांडले. सायलोच्या भिंतीला बाहेरून जोडल्या जाणाऱ्या पातळ पोलादी उभ्या पट्ट्यांच्या संकल्पनात हाच विचार आजही लागू पडतो.

कीव्ह येथील अध्यापन आणि बडतर्फी

१९०७ मध्ये टिमोशेंको कीव्ह पॉलिटेक्निक संस्थेत पदार्थबल या विषयाचे प्राध्यापक झाले आणि १९०९ मध्ये त्यांची स्थापत्य विभागाच्या अधिष्ठातापदी निवड झाली. स्तंभ, पट्ट आणि कवच यांच्या स्थैर्यावरील त्यांचे पायाभूत संशोधन या काळातील आहे. यात ऊर्जा-पद्धतीचा वापर विशेष महत्त्वाचा होता. रचनेचे अचूक विकलन समीकरण सुटत नसेल, तर तिच्या वाकलेल्या आकाराचा साधारण अंदाज घ्यावा, त्या आकारातील ऊर्जेचा हिशेब करावा आणि त्यावरून कोलमडण्याचा भार काढावा, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. संगणक नसलेल्या काळात कामकरी अभियंत्याला ही पद्धत कागदावर वापरता येत होती.

१९११ मध्ये त्यांच्या आयुष्याला मोठे वळण मिळाले. रशियन साम्राज्यात उच्च शिक्षणसंस्थांमध्ये ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर टक्केवारीची मर्यादा घातलेली होती. ती मर्यादा न पाळल्याच्या कारणावरून शिक्षणमंत्री लेव कासो यांनी कीव्ह पॉलिटेक्निकच्या अधिष्ठात्यांना पदावरून दूर केले. त्यांत टिमोशेंको होते. निषेध म्हणून अनेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. बडतर्फ व्यक्तीला सरकारी संस्थेत नियमित प्राध्यापकपद मिळणे अवघड होते आणि घरी लहान मुले होती. त्याच वर्षी रचनांच्या स्थैर्यावरील प्रबंधाला झुराव्स्की पारितोषिक मिळाले. त्याच्या रकमेवर कुटुंबाचा काही काळ निर्वाह झाला.

यानंतर ते सेंट पीटर्सबर्गला परतले. तासिका तत्त्वावर अध्यापन आणि सल्लागार म्हणून काम असा त्यांचा क्रम होता. रशियन नौदलाच्या नव्या युद्धनौकांच्या बांधणीसाठी त्यांनी पोलादी पट्टांच्या स्थैर्याचे प्रश्न सोडवले. युद्धनौकेचे कवच हे पातळ पत्रा व त्याला आधार देणाऱ्या पट्ट्या यांनी बनलेले असते. पट्ट्या किती अंतरावर आणि किती जाड असाव्यात, याचे नियम या कामातून मिळाले. १९१३ नंतर त्यांना पुन्हा प्राध्यापकपद मिळाले. रेल्वेच्या रुळांमधील ताणांवरही त्यांनी या काळात संशोधन केले. स्थितिस्थापकता सिद्धांतावरील त्यांचा दोन खंडांचा रशियन ग्रंथ १९१४ ते १९१६ या काळात प्रसिद्ध झाला.

क्रांती, निर्वासन आणि झाग्रेब

१९१७ च्या रशियन क्रांतीनंतर टिमोशेंको कीव्हला गेले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या युक्रेनियन विज्ञान अकादमीच्या संस्थापक सदस्यांमध्ये त्यांचा समावेश होता. अकादमीच्या यामिकी संस्थेची उभारणी त्यांनी केली. ती संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. यादवी युद्धात कीव्ह शहराचा ताबा वारंवार बदलत राहिला आणि स्थिर संशोधन अशक्य झाले. टिमोशेंको क्रिमियामार्गे कॉन्स्टँटिनोपलला आणि तेथून युगोस्लाव्हियात पोहोचले.

१९२० मध्ये त्यांना झाग्रेबच्या पॉलिटेक्निक संस्थेत प्राध्यापकपद मिळाले. सुरुवातीला ते रशियन भाषेत, अधूनमधून क्रोएशियन शब्द मिसळून शिकवीत. आज 'टिमोशेंको तुळई' या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत त्यांनी याच सुमारास इंग्रजी शोधनिबंधांतून मांडला. पूर्वीच्या सिद्धांतात तुळईचे केवळ वाकणे विचारात घेतले जात असे. टिमोशेंको यांच्या मांडणीत कर्तनामुळे होणारी विकृती आणि छेदाचे फिरणे यांचाही समावेश होता. आखूड व जाड तुळया आणि जलद कंपने यांच्या गणनेत या सुधारणेमुळे मोठा फरक पडतो. या मांडणीत पॉल एरेनफेस्ट यांचाही वाटा होता, असे अलीकडील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

अमेरिकेतील कारकीर्द

१९२२ मध्ये टिमोशेंको अमेरिकेत गेले. आरंभी त्यांनी फिलाडेल्फिया येथे यंत्रांच्या कंपनांचे प्रश्न हाताळणाऱ्या एका लहान कंपनीत काम केले. १९२३ ते १९२७ या काळात ते पिट्सबर्गजवळील वेस्टिंगहाउस कंपनीत संशोधक होते. टर्बाइन, जनित्रे व विजेच्या रेल्वेइंजिनांतील मोडतोडीची कारणे शोधण्याबरोबरच तेथील तरुण अभियंत्यांसाठी त्यांनी वर्ग चालवले. अमेरिकेतील अभियंत्यांचे गणित व यामिकीचे शिक्षण तुटपुंजे आहे, असे त्यांचे मत झाले. त्यांची पुढील पाठ्यपुस्तके ही उणीव भरून काढण्यासाठी लिहिली गेली. अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या सोसायटीत उपयोजित यामिकीचा स्वतंत्र विभाग सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता.

१९२७ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात आणि १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९४४ मध्ये सेवानिवृत्त झाल्यावरही त्यांनी अध्यापन व लेखन चालू ठेवले. १९४६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. अखेरची वर्षे त्यांनी जर्मनीत मुलीकडे काढली. वुपर्टाल येथे वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पातळ भिंतींचे स्थैर्य आणि सायलो

टिमोशेंको यांनी केवळ सायलोवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला नाही. तथापि धातूच्या सायलोचे संकल्पन ज्या दोन आधारांवर उभे आहे, त्यांपैकी एक त्यांच्या संशोधनाशी जोडलेला आहे. पहिला आधार म्हणजे साठवलेला माल भिंतीवर किती भार टाकतो याचे गणित आणि दुसरा म्हणजे तो भार पातळ भिंत किती पेलू शकते याचे गणित.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जर्मन अभियंते एच. ए. यान्सेन यांनी १८९५ मध्ये दिले. टाकीतील पाण्याचा दाब खोलीबरोबर सारखा वाढत जातो. धान्याचे तसे होत नाही. दाणे भिंतीवर घासतात आणि घर्षणामुळे धान्याच्या वजनाचा काही भाग भिंतीवर टांगला जातो. त्यामुळे ठराविक खोलीनंतर बाहेरच्या दिशेचा दाब फारसा वाढत नाही. मात्र भिंतीवरील उभा भार खालपर्यंत वाढतच जातो. म्हणजे धान्याचा सायलो ही केवळ टाकी नसते, तर ती एका पोकळ खांबाप्रमाणेही भार वाहत असते.

दुसरा प्रश्न पातळ दंडगोलाच्या स्थैर्याचा आहे. जर्मनीत रुडॉल्फ लोरेन्झ यांनी १९०८ मध्ये, टिमोशेंको यांनी १९१० मध्ये आणि इंग्लंडमध्ये रिचर्ड साउथवेल यांनी १९१४ मध्ये या प्रश्नावर काम केले. त्यातून मिळालेले अभिजात सूत्र साधे आहे. पोलादी दंडगोल ज्या उभ्या ताणाला चुरगळतो, तो ताण म्हणजे पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, भिंतीची जाडी भागिले त्रिज्या आणि सुमारे ०.६०५ हा अंक यांचा गुणाकार होय. या सूत्रात पोलादाची बळकटी कोठेही येत नाही. अधिक बळकट पोलाद वापरल्याने पातळ भिंतीचे स्थैर्य वाढत नाही, असा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे.

एका काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होते. १० मीटर व्यास, २० मीटर उंची आणि ५ मिलिमीटर जाडीची सपाट पत्र्याची भिंत असलेला सायलो गव्हाने भरला आहे असे मानू. त्रिज्या जाडीच्या १००० पट आहे. म्हणजे ही भिंत प्रमाणाने कोंबडीच्या अंड्याच्या कवचापेक्षाही बरीच पातळ आहे. गव्हाचे वजन दर घनमीटरला सुमारे ८०० किलोग्रॅम, भिंतीवरील घर्षणाचा गुणांक ०.४ आणि आडव्या व उभ्या दाबाचे गुणोत्तर ०.५ धरले, तर आतील सुमारे १,२५० टन गव्हापैकी जवळजवळ निम्मे वजन यान्सेन यांच्या गणिताप्रमाणे भिंतीवर येते. तळाजवळ भिंतीतील उभा दाबताण सुमारे ४० मेगापास्कल होतो आणि भिंतीला आडवे ताणणारा ताणही साधारण तेवढाच असतो. सामान्य पोलाद सुमारे २५० मेगापास्कलपर्यंत ताण सोसते. त्यामुळे बळकटीच्या दृष्टीने हा सायलो भक्कम वाटतो. अभिजात सूत्रानुसार भिंत १२१ मेगापास्कलला चुरगळते. तेथेही तीनपट सुरक्षितता दिसते.

प्रत्यक्षात मात्र असा सायलो धोकादायक ठरतो. १९२० व १९३० च्या दशकांत झालेल्या चाचण्यांत पातळ दंडगोल सूत्राने सांगितलेल्या भाराच्या कितीतरी आधी चुरगळले. या तफावतीची दखल टिमोशेंको यांच्या १९३६ च्या स्थैर्यविषयक ग्रंथात घेतलेली आहे. तिचा उलगडा पुढच्या पिढीने केला. मिशिगन येथे टिमोशेंको यांच्याकडे डॉक्टरेट केलेले लॉइड डॉनेल यांनी १९३४ मध्ये मोठ्या विकृतींचा आणि मुळातील पोचांचा विचार मांडला. थिओडोर फॉन कार्मान व च्येन श्वेसन यांनी १९४१ मध्ये तो पुढे नेला. नेदरलँड्सचे वॉर्नर कोइटर यांनी १९४५ च्या प्रबंधात त्याला सर्वसाधारण सिद्धांताचे रूप दिले. भिंतीत डोळ्यांना न जाणवणारा, पत्र्याच्या जाडीएवढाही नसलेला पोच असला तरी दंडगोलाची क्षमता मोठ्या प्रमाणात घटते, हे त्यातून सिद्ध झाले. वरील उदाहरणासारख्या भिंतीत आतील दाबाचा आधार धरला नाही, तर उपयोगी क्षमता अभिजात मूल्याच्या एक-चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी धरावी लागते. ती सुमारे ३० मेगापास्कलच्या आत येते आणि ४० मेगापास्कलचा ताण तिच्या पलीकडे जातो.

धान्याचा बाहेरच्या दिशेचा दाब भिंतीला तणावात ठेवतो आणि काही प्रमाणात बकलिंगला विरोध करतो. मात्र धान्य मध्यातून न काढता एका बाजूच्या तोंडातून काढले, तर त्या बाजूला वाहत्या धान्याचा मार्ग तयार होतो. तेथील दाब घटतो आणि शेजारच्या भागात उभा ताण वाढतो. जेथे भिंतीला आधाराची गरज असते, नेमका तेथेच आधार कमी होतो. एकाबाजूने रिकामे करणे हे धातूच्या सायलोंच्या दुर्घटनांचे प्रमुख कारण मानले जाते. याउलट आतील दाब फार वाढल्यास तळाजवळ हत्तीच्या पायासारखा गोल फुगवटा येऊन भिंत बसते. रिकाम्या सायलोला आतून आधार नसल्याने तो वाऱ्याच्या दाबाखाली आत चेपला जाऊ शकतो. या तिन्ही प्रकारांत पोलाद निकृष्ट असण्याची गरज नसते.

म्हणूनच आजचे अनेक धान्य-सायलो आडव्या नालीदार जस्तलेपित पत्र्यांचे असतात. पत्रा धान्याचा बाहेरचा दाब आडव्या ताणाने पेलतो आणि उभा भार बाहेरून बोल्टने जोडलेल्या पातळ उभ्या पट्ट्यांकडे जातो. माथ्याला व वाऱ्याच्या पट्ट्यात आडवी कडी बसवली जातात.

भारतातील व महाराष्ट्रातील संदर्भ

टिमोशेंको यांच्या पाठ्यपुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या निघाल्या. अभियांत्रिकी यामिकी, पदार्थबल, पट्ट व कवच या विषयांसाठी त्यांची पुस्तके भारतातील स्थापत्य व यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना दीर्घकाळ परिचित आहेत. भारतीय मानक आय. एस. ९१७८ सुटा माल साठवणाऱ्या पोलादी कोठारांच्या संकल्पनासाठी आहे. त्याचे पहिले दोन भाग १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत भारांचे मूल्यमापन आणि संकल्पनाचे निकष यांची अशीच विभागणी आहे.

वऱ्हाडात, सातपुड्याच्या पायथ्याच्या शेंदूरजनाघाट व वरूड परिसरापासून अकोल्यापर्यंत, धान्य साठवण्यासाठी कणगी, पेव, बळद ही परंपरागत साधने होती. पुढे घरोघरी पत्र्याची कोठी आली. पेवाला जमिनीचा आधार असतो आणि घरगुती कोठी लहान असल्याने तिच्या आकाराच्या मानाने पत्रा जाड असतो. त्यामुळे या साधनांत भिंत चुरगळण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मात्र कोठीचे सर्व माप वीसपट केले आणि पत्रा तेवढाच ठेवला, तर तीच रचना अस्थिर होते. लहान कोठीच्या अनुभवावरून मोठ्या सायलोचा पत्रा ठरवता येत नाही. डाळगिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अकोल्यासारख्या केंद्रांत तूर, हरभरा, सोयाबीन यांची मोठ्या प्रमाणावर उलाढाल होते. अशा ठिकाणी मालाच्या सुरक्षिततेइतकाच सायलोजवळ काम करणाऱ्या मजुरांच्या जिवाचा प्रश्नही या गणिताशी जोडलेला आहे.

ग्रंथसंपदा

टिमोशेंको यांच्या प्रमुख इंग्रजी ग्रंथांची पहिल्या प्रकाशनाची वर्षे पुढीलप्रमाणे आहेत.

* अप्लाइड इलॅस्टिसिटी (१९२५, जे. एम. लेसेल्स यांच्यासह)
* व्हायब्रेशन प्रॉब्लेम्स इन इंजिनिअरिंग (१९२८)
* स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स (१९३०)
* थिअरी ऑफ इलॅस्टिसिटी (१९३४)
* थिअरी ऑफ इलॅस्टिक स्टॅबिलिटी (१९३६, दुसरी आवृत्ती १९६१, जेम्स गेरे यांच्यासह)
* इंजिनिअरिंग मेकॅनिक्स (१९३७, डी. एच. यंग यांच्यासह)
* थिअरी ऑफ प्लेट्स अँड शेल्स (१९४०, दुसरी आवृत्ती १९५९, एस. वॉइनोव्स्की-क्रीगर यांच्यासह)
* हिस्टरी ऑफ स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स (१९५३)

त्यांचे आत्मचरित्र १९६३ मध्ये रशियन भाषेत आणि १९६८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले.

सन्मान

१९४४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्यत्व दिले. १९५७ मध्ये अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या सोसायटीने उपयोजित यामिकीतील कार्यासाठी त्यांच्या नावाचे पदक सुरू केले आणि पहिले पदक त्यांनाच प्रदान केले. ज्या देशातून त्यांना बाहेर पडावे लागले होते, त्या सोव्हिएत संघाला त्यांनी १९५८ मध्ये भेट दिली. तेथील अभियांत्रिकी शिक्षणावर त्यांनी पुढच्या वर्षी पुस्तक लिहिले. १९६४ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले.